गढुळलेला लाव्हा लॅम्प: घरच्या घरी केलेल्या एका दुरुस्तीची हकीकत

भाच्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, हा गेला. बघ काही होतंय का, नाहीतर टाकून देतो."

आत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला लाव्हा लॅम्प होता, म्हणजे बल्बच्या उष्णतेने बाटलीतल्या पाण्यात मेणाचे गोळे वरखाली होतात तो शोभेचा दिवा. साडेचौदा इंची, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटर उंचीचा. खाली ॲल्युमिनियमची निमुळती बैठक, तिच्यात उभी राहणारी काचेची बाटली, वर चमकती टोपी. पूर्वी त्यातल्या स्वच्छ पाण्यात लाल मेण डुलायचं, ते मी पाहिलेलं होतं. आता साबणाचं पाणी भरून ठेवावं तशी बाटली दिसत होती. पलीकडून बोट धरलं तर नुसती सावली कळायची. मेणाचा मोठा गोळा तळाशी थिजलेला होता, पण बरंचसं मेण बाटलीच्या गळ्याला आतून पट्टा बांधल्यासारखं चिकटून बसलं होतं. तळाला चपटी बसलेली असते ती तारेची स्प्रिंग तिरकी होऊन मेणातून अर्धी वर आली होती. बैठकीत डोकावले, तर आत एलईडी बल्ब.

म्हणजे एका दिव्यात चार बिघाड. काच मात्र धड होती. उजेडासमोर धरून, बाटलीच्या खांद्यावरून आणि तळाच्या कडेवरून नख फिरवून मी तेवढं आधी पाहून घेतलं. काचेला केसाएवढी चीर असती तरी पुढे काही करायचं नव्हतं, कारण ही बाटली तासन् तास तापते आणि चीर तापल्यावर मोठीच होते. भेगाळलेल्या बाटलीला डिंक, टेप, इपॉक्सी यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

वस्तू दुरुस्तीला आली की तिचं काय काय झालं ते विचारावं, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नये. पहिलं उत्तर नेहमी "काहीच केलं नाही" असंच असतं. इथेही तसंच झालं. दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की बल्ब उडाला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळी साखळी बाहेर आली. जुना बल्ब गेला म्हणून त्याच मापाच्या आट्यांचा ४ वॉटचा एलईडी बसवला. उजेड आधीपेक्षा जास्त पडला, पण दोन तास झाले तरी मेण हललं नाही. मग बल्ब कमी पडतोय असं वाटून टेबललॅम्पचा ६० वॉटचा साधा बल्ब लावला. तासाभरात मेण हललं, नुसतं हललंच नाही तर फुटून बारीक बारीक गोळ्या झाल्या आणि सगळ्या वर जाऊन बसल्या. त्या खाली याव्यात म्हणून भाच्याने गरम बाटली फडक्यात धरून हलवली.

"किती हलवलीस?"

"औषधाची बाटली हलवतात ना, तेवढी."

त्यानंतर घाबरून दिवा बंद केला, आणि निदान उजेड तरी पडेल म्हणून पुन्हा एलईडी लावला. दिवा तसाच महिनाभर पडून होता.

या चारही बिघाडांचं मूळ एकच होतं आणि ते बाटलीत नव्हतं, बल्बच्या होल्डरमध्ये होतं. ते का, हे समजायला दिव्याचं पोट थोडं उघडून पाहावं लागतं.

लाव्हा लॅम्पचा जनक म्हणून एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रज गृहस्थांचं नाव घेतात. एका पबमध्ये त्यांना अंडी उकडायला वेळ मोजणारं एक घरगुती यंत्र दिसलं. त्यातला गोळा गरम पाण्यात वितळून वर आला की अंडं झालं, असा त्याचा हिशोब. वॉकरांनी त्या कल्पनेवर बरीच वर्षं घालवली आणि १९६३ साली इंग्लंडमधल्या पूल या गावी क्रेस्टवर्थ कंपनीतर्फे 'ॲस्ट्रो' नावाचा दिवा बाजारात आणला. अमेरिकेतलं पेटंट १९६८ साली मंजूर झालं, त्यावर शोधक म्हणून डेव्हिड जॉर्ज स्मिथ यांचं नाव आहे. घड्याळ म्हणून जन्मलेली ही वस्तू वेळ सांगायला अगदीच निरुपयोगी निघाली, हे मला फार आवडतं.

यातलं तत्त्व सांगायला सोपं आहे, जुळवायला नाही. साधं पॅराफिन मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याची घनता १ धरली तर घट्ट मेणाची ०.९च्या आसपास. ते तसंच बाटलीत टाकलं तर कायमचं वर तरंगत राहील. म्हणून कारखान्यात त्यात एखादा जड क्लोरीनयुक्त पदार्थ मिसळतात आणि मेण पाण्यापेक्षा किंचित जड करतात. किंचित हा शब्द महत्त्वाचा. गार असताना हे जड मेण तळाशी राहतं. बल्बने तापलं की वितळतं आणि फुगतं. पाणीही फुगतं, पण मेणाच्या मानाने कमी. २० अंशांवरून ५० अंशांवर जाताना पाण्याची घनता ०.९९८वरून ०.९८८वर येते, म्हणजे जेमतेम एक टक्का घट. मेण याहून जास्त हलकं होतं, पाण्याला मागे टाकतं आणि वर निघतं. वर गेल्यावर बल्बपासून दूर गेल्याने गार होतं, आक्रसतं, जड होतं, खाली येतं. सगळा खेळ घनतेच्या एक-दोन टक्क्यांत चालतो.

तळाची स्प्रिंग शोभेची नाही. खाली उतरलेल्या गोळ्यांवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून राहतात पण एकजीव होत नाहीत. स्प्रिंगच्या तारेवर टेकले की तो पापुद्रा फाटतो आणि गोळे पुन्हा मोठ्या गोळ्यात मिसळतात. तार तापलेली असल्याने उष्णताही मेणात आतपर्यंत पोचते. स्प्रिंग तळाला नसेल तर खाली नुसता गोळ्यांचा ढीग साचतो.

आता बल्बकडे. साध्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा उष्णता होऊन जातो. दुसऱ्या कुठल्याही दिव्यात याला उधळपट्टी म्हणतील. इथे ती उष्णताच इंजिन आहे आणि उजेड हा जाताजाता मिळालेला फायदा. या उंचीच्या दिव्याला २५ वॉटचा तारेचा बल्ब लागतो. ४ वॉटच्या एलईडीने तो उजळेल, चालणार नाही. आणि ६० वॉटने चालण्याऐवजी उकळल्यासारखा होईल: मेण इतकं तापतं की वर गेल्यावरही पुरेसं गार होत नाही, म्हणून खाली परतत नाही. भाच्याचा दिवा वर अडकला तो याच कारणाने. त्या अवस्थेत बाटली हलवली, आणि पातळ मेणाचे लाखो सूक्ष्म थेंब पाण्यात पसरले. गढूळपणा म्हणजे तेच थेंब. उसळलेलं मेण गळ्यावर थिजलं, स्प्रिंग त्याच झटक्यात कलंडली.

निदान झालं, पण लगेच बाटली उघडायला घेतली नाही. उघडणं हा शेवटचा उपाय. एकदा बूच काढलं की कारखान्याने जुळवलेलं मिश्रण गेलं, ते परत आणता येत नाही.

पहिला टप्पा न उघडता. २५ वॉटचा बल्ब मिळवला. तारेचे बल्ब आता सहज दिसत नाहीत, त्यामुळे माप आणि वॉट दोन्ही तपासून दोन आणले, एक राखीव. होल्डरची वायर पाहिली: ६० वॉटच्या तापाने आवरण कडक झालंय का, कुठे तपकिरी पडलंय का, हे प्लग काढूनच बघायचं. वायर मऊ होती, तिचं नशीब जोरावर. मग दिवा पंख्याच्या झोतापासून दूर, सपाट जागी ठेवला आणि लावला.

पहिला तास काहीच नाही. इथेच माणसं घाई करतात. थिजलेल्या मेणाला पहिल्यांदा हलायला दोन ते तीन तास सहज लागतात. दीड तासाने तळाच्या कडेने मेण चकाकायला लागलं. मग वरच्या कडक सालीला तडा गेला आणि त्यातून मेणाची दोन शिंगं वर निघाली, वाकडीतिकडी, टोकाला थिजलेली. ती पाण्याच्या मध्यावर पोचून थांबली. तिसऱ्या तासाला शिंगं खालून वितळून कोसळली, आणि तळाचं मेण घुमटासारखं गोल झालं. त्या घुमटात स्प्रिंगही हळूहळू आडवी झाली. कशानेही टोचावं लागलं नाही, बाटलीला बोटाने दोन हलक्या टिचक्या मारल्या तेवढंच.

गळ्यावरचा पट्टा मात्र हलला नाही. वरचा भाग तेवढा तापतच नाही. दिवा चार तास चालून काच सगळीकडे गरम झाल्यावर हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून, हातभर अंतरावरून, सतत फिरवत गळ्याभोवती दहा मिनिटं ऊब दिली. गार काचेवर एकदम गरम झोत कधीही मारायचा नाही; काच एका जागी फुगते, शेजारी फुगत नाही, आणि तडकते. पट्टा आधी पारदर्शक झाला, मग त्याची खालची कड लोंबली, आणि शेवटी एक लांबट थेंब सुटून खाली गेला. त्यामागोमाग बाकीचं. एक मुगाएवढा ठिपका राहिला, तो आजही तिथेच आहे.

आठ तासांनी दिवा बंद केला. या दिव्यांना सलग आठ-दहा तासांपेक्षा जास्त चालवू नये, मेण जास्त तापून पुन्हा वर अडकायला लागतं. पूर्ण गार होऊ दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. असं आठवडाभर.

चारपैकी तीन बिघाड असे बाटली न उघडता गेले. मेण तळाशी, स्प्रिंग जागेवर, गोळे वरखाली व्हायला लागलेले. पण ते दिसायचे धुक्यातून मोटारीचे दिवे दिसावेत तसे. गढूळपणा थोडा निवळला, पुढे अडकला.

तो का अडकला, याचा मी बराच विचार केला. द्रवात तरंगणारा थेंब किती वेगाने खाली बसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्याच्या आणि द्रवाच्या घनतेतला फरक, आणि त्याच्या व्यासाचा वर्ग. व्यास निम्मा झाला की वेग चौथ्या हिश्शावर येतो. आपल्या मेणात आणि पाण्यात घनतेचा फरक मुळातच नावापुरता, आणि थेंब धुळीएवढे. म्हणजे दोन्हीकडून मार. नुसता गढुळलेला दिवा असा तापवत-गार करत राहिलं तर बरेचदा काही आठवड्यांत निवळतो, आणि ज्याला थांबता येतं त्याने थांबावं. मला वाटतं मीही आणखी महिनाभर थांबायला हवं होतं. पण भाचा दर दोन दिवसांनी "झाला का?" विचारत होता, आणि खरं सांगायचं तर मलाच आत काय आहे ते बघायचं होतं.

उघडण्याआधी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, दिव्याचं वय. सुरुवातीच्या दिव्यांच्या मेणात कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. स्मिथ यांच्या पेटंटातही त्याचा उल्लेख आहे. ते यकृताला घातक, आणि अमेरिकेत १९७० साली घरगुती वस्तूंमधून त्यावर बंदी आली. म्हणून त्या काळातला दिवा हाती आला तर तो गढूळ असो की बंद, शोभेला ठेवावा, उघडू नये. हा दिवा भाच्याच्या वाढदिवसाला नवा घेतलेला होता, तरीही मी खिडक्या उघड्या ठेवल्या, हातमोजे घातले आणि मेणाला हात लावला नाही. दुसरी गोष्ट, आच. मेण लवकर वितळावं म्हणून बाटली गरम पाण्याच्या भांड्यात किंवा थेट शेगडीवर ठेवायचा मोह होतो. २००४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात केंट इथे एका तरुणाने लाव्हा लॅम्प स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवला. बाटली फुटली, काचेचा तुकडा छातीत घुसला आणि तो गेला. बंद बाटलीत वर थोडी हवा ठेवलेली असते ती २५ वॉटच्या फुगवट्यापुरती, शेगडीपुरती नाही. या दिव्याला उष्णता द्यायची ती त्याच्याच बल्बने.

दिवा रात्रभर गार केला. वरची चमकती टोपी नुसती बसवलेली असते, ती उचलली की खाली सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच दिसतं. ओपनरने ते एका बाजूने न उचलता फिरवत फिरवत, थोडं थोडं सैल केलं, म्हणजे वाकलं नाही. वास किंचित गोडसर, रंगाच्या डब्यासारखा. बाटली तिरकी करून गढूळ पाणी एका बरणीत ओतलं. थिजलेलं मेण तळाला घट्ट धरून होतं, ते हललं नाही. ओतलेलं मोजलं: ४३० मिलीलिटर. हे मोजणं पुढे कामाला आलं. ते पाणी मोरीत ओतलं नाही, झाकण लावून घातक घरगुती कचऱ्यात द्यायला बाजूला ठेवलं.

मग डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार पुढे ढगाळपणा आणतात, म्हणून तेच लागतं, आणि खोलीच्याच तापमानाचं. चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओतून, बाटली नुसती कलती करून दोनदा खळखळून धुतली. दुसऱ्या वेळचं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. शेवटी ३८० मिलीलिटर भरलं. ५० मिलीलिटर जागा मुद्दाम रिकामी ठेवली, कारण अजून त्यात काहीतरी घालायचं होतं.

नुसत्या पाण्यावर दिवा लावला. तीन तासांनी मेण घुमट झालं, थोडं वर ताणलं गेलं आणि तिथेच फुगून बसलं. अपेक्षितच होतं. कारखान्याचं पाणी हे नुसतं पाणी नसतं. त्यात घनता वाढवणारं काहीतरी असतं आणि मेण त्याला जुळवलेलं असतं. नवं पाणी त्याहून हलकं, म्हणून मेणाला तरंगता येईना. शिवाय मेण काचेला चाटत होतं, तळाच्या कडेवर लाल ओघळ उमटले. जुन्या पाण्यातला साबणासारखा पदार्थ गेल्याचा तो परिणाम. भांडी घासायच्या बिनरंगी साबणाच्या द्रवाचा एकच थेंब, आधी वाटीभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून, त्यातलं दोन चमचे पाणी बाटलीत घातलं. ओघळ सुटले. इथे हात सैल सोडला तर मेणाचे पुन्हा सूक्ष्म थेंब होतात आणि ज्यासाठी एवढं केलं तो गढूळपणा परत येतो.

आता घनता. मीठ.

स्वयंपाकघरातलं मीठ आधी पेल्यात विरघळवून बघितलं हे बरं केलं. पाणी पांढुरकं झालं. त्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीतरी मिसळलेलं असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. मग काही न मिसळलेलं शुद्ध मीठ आणलं, आणि इथे मी या सगळ्या प्रकरणातली माझी स्वतःची चूक केली. द्रावण न करता थेट एक चमचा मीठ बाटलीत टाकलं. एक चमचा म्हणजे असं किती, असं वाटलं. ते दाणे सरळ खाली गेले, घुमटावर बसले आणि तिथेच विरघळायला लागले. पंधरा मिनिटांनी तळाचं पाणी वरच्यापेक्षा जड झालं, आणि मेणाचा अख्खा गोळा, स्प्रिंग सोडून, एका फटक्यात वर गेला. फुटला नाही, डुलला नाही, बुचासारखा जाऊन वर बसला. खाली रिकामी स्प्रिंग आणि तिच्यातून दिसणारा बल्बचा उजेड. भाचा शेजारी होता. तो काही बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

हिशोब तेव्हा मांडला, तो आधी मांडायला हवा होता. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं की घनता अर्धा ते पाऊण टक्का वाढते. चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा. माझ्याकडे लिटर नव्हता, ३८० मिलीलिटर होतं. म्हणजे एका चमच्यात मी घनता जवळजवळ एक टक्का वर नेली, आणि मघाशी म्हटलं तसं या दिव्याचा संपूर्ण खेळच एक-दोन टक्क्यांचा.

उतारा सोपा पण कंटाळवाणा. दिवा बंद करून पूर्ण गार होऊ दिला. मेण वर तरंगतच थिजेल अशी भीती होती, पण थिजताना आक्रसलं आणि पहाटेपर्यंत तिरकं होऊन खाली उतरलं. एका बाजूला स्प्रिंग दबली गेली. २५० मिलीलिटर खारं पाणी काढलं, तेवढंच कोरं घातलं. उरलेलं मीठ दोन ग्रॅमच्या आतबाहेर. मग शहाण्यासारखं १०० मिलीलिटर डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून द्रावण केलं, म्हणजे १० मिलीलिटरमध्ये एक ग्रॅम. सुईविना सिरिंजने एका वेळी ५ मिलीलिटर, बाटलीच्या भिंतीवरून सोडायचं, मेणावर थेट नाही. मग अर्धा तास थांबायचं. द्रावण मिसळायला वेळ लागतो आणि मेणाला त्याची दखल घ्यायला त्याहून जास्त. बूच अजून लावलेलं नव्हतं, फक्त वरून उलटी वाटी ठेवली होती, पाणी उडून जाऊ नये म्हणून.

पहिल्या ५ मिलीलिटरला घुमट उंच झाला. दुसऱ्याला त्यातून एक खांब निघाला, बाटलीच्या मध्यापर्यंत गेला आणि मान टाकून परत आला. तिसऱ्यानंतर अर्ध्या तासाने खांबाचं टोक बारीक होत होत तुटलं आणि सुटलेला गोळा वर गेला. गळ्याखाली पोचला, तिथे जरा वेळ थांबून चपटा झाला, आणि मग एका अंगावर कलून उतरायला लागला. उतरताना त्याला वर येणारा दुसरा गोळा भेटला, दोघे घासून गेले. मी चौथी सिरिंज भरली होती ती तशीच खाली ठेवली. इथे थांबणं सगळ्यात अवघड, कारण आणखी थोडं घातलं तर आणखी छान चालेल असं वाटत राहतं. त्याने मेण वर जास्त रेंगाळतं, आणि दिवा चार तासांनी पूर्ण तापला की अडकतं. दिवा तिसऱ्या तासाला जरा आळशी वाटला तर बरं. सहाव्या तासाला तो बरोबर येतो.

खरंच तो सहा तास चालवून बघितला. मग बंद, गार, आणि पातळी पाहिली. गळ्यात जेवढी हवेची जागा पूर्वी होती तेवढीच ठेवली, जास्तीचं पाणी सिरिंजने काढलं. काठोकाठ भरलेली बाटली तापली तर फुगणाऱ्या द्रवाला जायला जागाच उरत नाही. जुनं पत्र्याचं बूच परत बसवायच्या भरवशावर राहिले नाही. घरी सरबताच्या बाटल्या बंद करायचं हातयंत्र होतं, त्याने नवं बूच दाबून बसवलं. बाटली रात्रभर टिश्यूपेपरवर आडवी ठेवली. कागद कोरडा राहिला.

रंगाचं काही केलं नाही. मूळ पाणी स्वच्छच होतं, आणि पाण्यात विरघळणारा रंग घातला तर तो पाणी रंगवतो, मेण रंगवत नाही. उन्हाने फिकटलेलं मेण घरी पुन्हा लाल करायचा एकही चांगला मार्ग मला माहीत नाही. पण हा दिवा खिडकीत नव्हता, त्यामुळे लाल अजून लालच होता.

दिवा परत देताना त्याच्यासोबत राखीव बल्ब दिला आणि बैठकीच्या आत मार्करने २५ लिहून ठेवलं. गरम असताना हलवायचा नाही हे मी सांगितलं नाही. ते त्याला माहीत झालं होतं.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. पाणी स्वच्छ आहे, पट्ट्यातला तो मुगाएवढा ठिपका गळ्यावर तसाच आहे. मेण सुरुवातीइतकं मोकळं डुलत नाही. गोळे थोडे मोठे आणि संथ झालेत, म्हणजे कारखान्याच्या द्रवाची बरोबरी मिठाच्या पाण्याने झालेली नाही. गेल्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला. स्प्रिंगच्या सगळ्यात वरच्या वेढ्यावर, जिथे ती मेणातून जराशी बाहेर राहते, एक तपकिरी ठिपका दिसतोय. मिठाच्या पाण्यात बुडालेलं पोलाद, त्यावरचा मुलामा कुठेतरी सुटलेला असणार. ठिपका वाढला तर बाटली पुन्हा उघडावी लागेल, पाणी बदलावं लागेल, आणि या वेळी घनतेसाठी मिठाऐवजी प्रोपिलीन ग्लायकोल, म्हणजे पाण्यात मिसळणारा आणि पाण्याहून किंचित जड असा द्रव, वापरून बघायचं मी ठरवलंय. ते मिठासारखं गंज वाढवत नाही. सिरिंज मी धुऊन जपून ठेवली आहे.